घटनास्थळी पहिला मीच

बुधवार, १ जानेवारी

नवीन वर्ष. संकल्प: हार्लन गुडघ्यांमुळे शोध-बचाव पथकाचं प्रमुखपद सोडतोय, ते मी घेणार. मतदान ११ फेब्रुवारीला, वार्षिक जेवणाच्या वेळी. दुसरा संकल्प वजनाचा. तिसरा, आयोन पेचरबद्दल वाईट बोलायचं नाही.

आयोन ही दुसरी उमेदवार. एकतीस वर्षं शाळेची बस चालवते. डोंगर तिला ठाऊक आहेत, नाही असं नाही. पण बाई अजून कागदाचा नकाशा वापरते. तोही पावाच्या रिकाम्या पिशवीत घालून. या शतकात.

(तिसरा संकल्प उद्यापासून.)

रविवार, ५ जानेवारी

यंत्र आलं. साबणाच्या वडीएवढं आहे आणि थेट उपग्रहाशी बोलतं. बाजूला झाकणाखाली संकटाचं बटण. शिवाय पिकअपच्या डॅशबोर्डवर टॅबलेट बसवला. टूलबॉक्ससाठी जागा हवी होती म्हणून मागचं फावडं काढून गॅरेजमध्ये ठेवलं. आता फावड्याची गरज काय.

बायकोने, नोरीनने, विचारलं, आधी वाट चुकल्यावर काय करायचास? म्हटलं, बावीस वर्षं पथकात आहे, एकदाही चुकलेलो नाही. ती म्हणाली, बॉइसी शहरातलं पार्किंग. ती इमारत होती. इमारती धरत नाहीत.

मंगळवार, १४ जानेवारी

मासिक बैठक. यंत्राचं प्रात्यक्षिक दिलं. उपग्रह सापडायला अकरा मिनिटं लागली, कारण हॉलला छप्पर आहे. आयोनने खिडकी उघडू का म्हणून विचारलं. माणसं किती क्षुद्र होऊ शकतात.

शेवटी मी जाहीर केलं की यापुढे कागद मासे गुंडाळायला वापरावा. सगळे हसले. हवा माझ्या बाजूने आहे.

रविवार, २६ जानेवारी

एकूण मतं सतरा. नऊ पक्की. हार्लनने काल पेट्रोल पंपावर पाठीवर थाप मारली, म्हणजे दहा. भाषण चौथ्या पानावर.

शनिवार, १ फेब्रुवारी

नोरीनच्या भाचीचं, कोरीनचं, डोहाळजेवण पुढच्या शनिवारी दुपारी साडेतीनला. डोंगरापलीकडे, एल्क बारला. हायवेने वळसा घालून एकशे अठरा मैल. टॅबलेट म्हणतो, डोंगरधारेवरून त्रेचाळीस.

नोरीन म्हणाली, तो रस्ता हिवाळ्यात बंद असतो. कोण म्हणतं? म्हणे, सगळे. मी समजावलं की यंत्र माहिती उपग्रहाकडून घेतं आणि सगळे ती आयोनकडून घेतात.

टॅबलेटमध्ये 'हिवाळ्यात बंद असणारे रस्ते टाळा' असं एक सेटिंग होतं. ते सारखं हायवेलाच पाठवत होतं, म्हणून बंद केलं. आता बरोबर दाखवतो.

धारेवरूनच जाणार. अकरा तारखेच्या भाषणाला शेवट मिळाला.

शनिवार, ८ फेब्रुवारी

सकाळी ६:४०. निघालो. लवकर पोहोचून नोरीनला सजावटीला मदत करायची आहे. कडाक्याची थंडी, आकाश स्वच्छ. नोरीनच्या मांडीवर तीन थरांचा लिंबाचा केक, वर 'वेलकम बेबी'. दोन दिवस खपत होती. पायाशी मीटबॉल्सचं भांडं. पायात पार्टीचे बूट.

७:५५. रस्त्याचं फाटक उघडं. नोरीनला नुसतं दाखवलं, बोललो काही नाही.

८:१०. रस्ता अप्रतिम. कंगव्याने विंचरल्यासारखा सपाट बर्फ, झाडांवर नारिंगी पाट्या. हायवेचीसुद्धा कोणी इतकी निगा राखत नाही. नोरीन म्हणाली, यावर एकाही टायरची खूण नाही. म्हटलं, म्हणजे आपण पहिले.

८:३५. समोरून बर्फावरच्या स्कूटरी चालवत दोन स्नोमोबाइलवाले आले. आम्हाला बघून थांबले आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन जोरजोरात हलवले. या भागातली माणसं फार प्रेमळ. मीही हात केला.

९:३०. छान ऊन पडलंय. नोरीनने जाकीट काढलं.

९:५०. थोडा विसावा घेतला आहे.

१०:१५. रोजनिशीत खरं लिहावं. उजवीकडचं पुढचं चाक बर्फात गेलं. मग उरलेली तीन त्याच्या सोबतीला गेली. दार उघडत नाही, खिडकीतून बाहेर आलो.

हा रस्ता नव्हे. हिवाळ्यात रस्त्यावर पाच फूट बर्फ साचतं आणि स्नोमोबाइल क्लबवाले ते वरून दाबून, विंचरून आपल्या गाड्यांसाठी वाट करतात. पहाटे ती दगडासारखी असते, ऊन चढलं की भुसभुशीत. नवख्या माणसाला वाटतं रस्ता साफ केलाय. दरवर्षी दोघेतिघे तरी असे फसतात. पथकाच्या प्रशिक्षण पुस्तिकेत यावर अख्खं पान आहे. मीच लिहिलंय.

नोरीनने केक मांडीवर आणखी घट्ट धरला.

११:००. मीटबॉल्सच्या भांड्याच्या झाकणाने खणतोय. गाडी आधीपेक्षा खाली गेली आहे.

१२:१५. टॅबलेटमधली बाई म्हणते, पुढचे एकोणीस मैल सरळ जा. तिला बंद केलं.

१:००. नोरीन म्हणते बटण दाब. मी शांतपणे समजावलं. बटण दाबलं की संदेश कंट्रोल रूमला जातो. कंट्रोल रूम पथकाला बोलावते. पथक म्हणजे हार्लन, आयोन आणि माझी दहा मतं. मतदान मंगळवारी. ती म्हणाली, मग? म्हटलं, मग काही नाही, ते स्नोमोबाइलवाले परत येतील. ते का हात हलवत होते ते आता कळलं, पण हे तिला सांगितलं नाही.

मीटबॉल्स गारच खाल्ले.

२:३०. ऊन गेलं. वारा सुटलाय. कोणी आलं नाही.

नोरीन म्हणाली, पायाची धाकटी बोटं जाणवत नाहीत. दूध संपलंय म्हणून सांगतात तशा आवाजात. मी तिचे बूट काढले आणि पाय माझ्या जाकिटात, पोटाशी घेतले. लाकडासारखे होते. मी घाबरलो. बावीस वर्षांत किती लोकांचे पाय असे हातात घेतले असतील, पण ते नोरीनचे नव्हते.

ती म्हणाली, "डेल, प्रमुख व्हायचं तर हो बाबा. पण मला दहाही बोटं हवीत."

२:४१. बटण दाबलं. (ती म्हणते तिने दाबलं. झाकण मी उघडलं हे तिलाही मान्य आहे.)

२:५८. माझ्या कमरेचा पेजर वाजला.

पेजरवर कंट्रोल रूममधली रोझली बोलत होती. सर्व सभासदांनी लक्ष द्यावं, डोंगरधारेवर स्नोमोबाइलच्या वाटेत पिकअप अडकली आहे, दोन वयस्कर व्यक्ती, त्यातल्या महिलेचे पाय गारठलेत.

वयस्कर कोण? मी एकोणसाठचा आहे.

३:०२. पेजर वाजला की पाच मिनिटांत कळवायचं, येतोय की नाही. बावीस वर्षांत मी एकदाही चुकवलेलं नाही. बोटं आपोआप चालली. यंत्रावर लिहिलं, 'हॅस्केट, उपलब्ध.' रोझलीने विचारलं, किती वेळात पोहोचाल?

बराच विचार केला. मग लिहिलं, 'पोहोचलो आहे.'

३:१०. नियम स्पष्ट आहे. घटनास्थळी जो सभासद सर्वात आधी पोहोचतो त्याने वरिष्ठ येईपर्यंत सूत्रं हाती घ्यायची. घेतली. रुग्णांची तपासणी केली. रुग्ण एक, महिला: शुद्धीवर, संतप्त. रुग्ण दोन, पुरुष: शांत, सहकार्य करणारा. हवामान, वाऱ्याची दिशा आणि पथकासाठी सूचना असे तीन संदेश पाठवले.

३:१८. आयोनचं उत्तर. बॅटरी वाचव. आधी सायलेन्सरभोवतीचं बर्फ काढ, मगच इंजिन चालव, तासाला दहा मिनिटं. केक खा.

केकचं हिला कसं कळलं? नोरीन म्हणाली, गुरुवारी बसथांब्यावर मीच सांगितलं.

सायलेन्सर पूर्ण बुजला होता. मी इंजिन सुरू करणारच होतो; विषारी धूर आत भरला असता. हे नोरीनला सांगितलं नाही, इथेही परत वाचणार नाही.

३:४०. केक कापला. मी 'वेलकम' खाल्लं. 'बेबी'ला नोरीनने हात लावू दिला नाही. तिकडे कोरीनचे पाहुणे जमले असतील. नोरीन खिडकीकडे तोंड करून बसली होती. मी सॉरी म्हणालो. ऐकू आलं असावं, पण पुन्हा म्हणायला लावलं.

४:२०. पथक आलं. आयोन पुढे, मागे हार्लन आणि तिघं, एकाच्या मागे घसरगाडी. मी सविस्तर अहवाल द्यायला पुढे झालो. आयोन माझ्या बाजूने सरळ नोरीनकडे गेली. आपल्या जाकिटात पोटाशी धरून आणलेले लोकरीचे मोजे काढले आणि गुडघ्यावर बसून तिच्या पायात घातले. वर बूट. मग घोंगडी. नोरीन तोपर्यंत रडली नव्हती.

मग आयोनने बॉनेटवर तो पिशवीतला नकाशा पसरला आणि पेन्सिलने टिंब काढलं. नुसती नोंद म्हणून लिहितो: टिंब बरोबर होतं. माझ्या यंत्राप्रमाणे आम्ही दोनशे यार्डांवरच्या तळ्यात होतो.

मी नियमानुसार म्हटलं, सूत्रं तुझ्याकडे सोपवतो. ती म्हणाली, "घेतली." हसली नाही. कोणीच हसलं नाही. हसले असते तर परवडलं असतं.

सोमवार, १० फेब्रुवारी

नोरीनची दहाही बोटं शाबूत. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन तास गेले असते तर सांगता आलं नसतं.

पिकअप अजून वरच आहे. स्नोमोबाइल क्लबच्या माणसाचा फोन आला. आमच्या चाकांनी नऊ मैल वाटेला चर पडलेत. इथली रीत अशी की ज्याने वाट उखडली त्याने आठवडाभर पहाटे वाट विंचरणाऱ्या यंत्रावर बसून मदत करायची. लगेच होकार दिला. लोकांमध्ये मिसळायची चांगली संधी आहे, आणि क्लबातले दोघे पथकातही आहेत.

भाषण नव्याने लिहिलं. नवा मुद्दा: दोन्ही बाजूंचा अनुभव असलेला एकमेव उमेदवार. सात पानं झाली. नोरीनने वाचलं आणि टेबलावर पालथं ठेवलं.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आणखी एक रीत: ज्याची सुटका झाली त्याने पुढच्या बैठकीला घरचं गोड आणायचं. नोरीनने दालचिनीचे रोल केले, जेवणातल्या राजमा-खिम्याच्या चिलीबरोबर खायला. सभासद म्हणून मी रांगेत होतो, सुटका झालेला म्हणून वाढायला. त्यामुळे मला उरलेला मिळाला.

मतदानाआधी शेवटच्या कामगिरीची नोंद वाचायची असते. हार्लनने मोठ्याने वाचली. 'हॅस्केट, उपलब्ध'पर्यंत सगळ्यांनी कसंबसं धरलं. 'पोहोचलो आहे'ला हॉल फुटला. हार्लनला चष्मा काढून डोळे पुसावे लागले. एकाने तर रोलवर चिली सांडली. मीही हसलो, जरा उशिरा. बरं वाटलं.

आयोनचं भाषण: सकाळी सहाला बस काढायची आहे, तेव्हा थोडक्यात आवरा. बसली.

मी सात पानं घेऊन उभा राहिलो. मागे नोरीन रोलच्या परातीशी उभी होती, दोन्ही पायांवर, व्यवस्थित. कागद हातात होते, पण एक ओळ दिसेना. म्हटलं, शनिवारी तुम्ही आलात. आभारी आहे. आणि खाली बसलो.

मतदान गुप्त. चिठ्ठ्या कॉफीच्या डब्यात. मी लिहिताना दुसऱ्या हाताने नीट झाकून घेतलं होतं, कोणी पाहिलेलं नाही. सतरा चिठ्ठ्या निघाल्या. हार्लनने दोनदा मोजल्या.

आयोन पेचर, सतरा.

घरी येताना गाडी नोरीनने चालवली. तिने विचारलं, मत कोणाला दिलंस? म्हटलं, गुप्त मतदान होतं, असं सांगायचं नसतं.

ती म्हणाली, "हो रे. पण सगळ्यांना कळलं."