शिळेवर पडलेला पाय

शनिवार, १४ ऑगस्ट २००४. चेन्नई.

उद्या झेंडावंदनानंतर इथल्या मराठी मंडळात माझं भाषण. मागणी ठरलेली आहे: ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातल्या, किल्ल्यातल्या इंग्रजी चर्चमधले सगळे स्मृतिलेख उखडून काढा. कागद तयार आहे, पण मन थाऱ्यावर नाही.

बोलण्याआधी एकदा नीट पाहावं म्हणून आज दुपारी तिथे गेलो. बँकेतला जुना सहकारी सॅम्युअल सोबत होता. तो तिथलाच सभासद. अवाढव्य जाड भिंती, आणि छत लाकडाचं नव्हे, विटांच्या कमानीचं. तोफगोळा पडला तरी टिकावं म्हणून! देवाच्या घराला तोफेची धास्ती. भिंतीवर संगमरवरी सेनापती, त्याच्या पायाशी गुडघे टेकलेले आपले लोक. रक्त उसळलं.

तसाच मागे सरलो, तर पाय जमिनीत बसवलेल्या थडग्याच्या शिळेवर पडला. काही महिन्यांची मुलगी. खाली आईबापांची नावं. माझा हात आपोआप शिळेला लागला आणि कपाळाकडे गेला.

सॅम्युअल हसला. "काय सर, हिलाही उद्या उखडायचं ना? मग आज नमस्कार कसला?"

 पाय लागला की आपण हात लावतोच, त्यात विचार कुठे असतो? पण विचार न करता झालं, म्हणून ते खोटं?

सेनापतीबद्दलचं मत तसूभर हललेलं नाही. तो तिथून जावाच. पण ती शिळा डोळ्यांपुढून हलत नाही. आत्ताच कागदावरचा 'सगळे' हा शब्द खोडला. टाळ्या नेमक्या त्याच शब्दावर पडल्या असत्या.