व्याह्यांच्या रोपांना लागलेला फिल्टर

राहुरी

चि. कल्याण यास ज्ञानेश्वरमामाचा आशीर्वाद. (रागात आहे, पण भाच्याला आशीर्वादाशिवाय पत्र लिहू नये म्हणून दिला आहे. पुढे वाचताना तो धरून चालू नकोस.) तुझी तब्येत बरी असेलच, माझं ब्लडप्रेशर तुझ्यामुळे वाढलं आहे. तुझी मामी बोलत नाही, फक्त भांडी आपटते.

तू आपल्या नर्सरीत ते सॉफ्टवेअर बसवलंस आणि जाताना सांगून गेलास की मामा, रोज तालुका, फळ, तारीख निवडत बसू नका, एकदा शोधलेलं सेव्ह करून ठेवा, बटण दाबलं की यादी हजर. मी ठेवलं. ठेवतच गेलो. आता तिथे 'नवीन', 'नवीन दोन', 'खरं नवीन' आणि 'हे वापरू नये' असे फिल्टर आहेत आणि कुठला काय दाखवतो ते मला सांगता येत नाही. ('हे वापरू नये' त्यातल्या त्यात उपयोगी आहे.) पुसायला गेलो तर विचारतं, नक्की पुसायचं का? अरे, माझं काही नक्की असतं तर एवढे केले असते का? घाबरून मी दर वेळी 'नको' म्हणतो.

हेही चाललं असतं. पण डाळिंब लावायचा हंगाम आला आणि आपले व्याही, कोल्हारचे काकासाहेब, यांची ऑर्डर नर्सरीतल्या सगळ्या कॉम्प्युटरवरून गायब! सकाळी आपोआप उघडणाऱ्या यादीत त्यांचं नावच नाही, म्हणून ड्रायव्हर त्यांची रोपं भरत नाही. कोल्हारला मात्र तो जातो, त्यांच्या शेजाऱ्यांची रोपं उतरवतो आणि बांधावर उभ्या काकासाहेबांना हॉर्न देऊन, रामराम करून परत येतो. शेवटी त्यांचा फोन आला. "पावनं, लई दिस झालं खड्डे खांदून बसलोय आमी. रोपं येनार हायेत, का मीच हुभा ऱ्हाऊ खड्ड्यात? अन् ज्यांना रोपं धाडता येत न्हाईत, त्यांच्या घरी सून बाळंतपनाला धाडायची न्हाई."

ऐकलंस? आपल्या निकिताचं पहिलं बाळंतपण! ते माहेरी नाही तर कुठे व्हायचं? मामीने डिंक आणला आहे, माळ्यावरचा पाळणा धुऊन ठेवला आहे. तुझ्या एका बटणापायी लेकीला माहेर बंद होणार असेल, तर काय जाळायचंय असलं सॉफ्टवेअर? संताप संताप होतो आहे, कल्याण, आणि रडूही येतं आहे.

तुझा मामा,
ज्ञानेश्वर

ता. क. आपोआप उघडणाऱ्या त्या फिल्टरचं नाव 'काकासाहेब सोडून' आहे. तो मी केला. त्यांच्या नव्या बंगल्याच्या वास्तुशांतीला त्यांनी कारखान्याच्या लोकांना फेटे बांधले आणि मला, सुनेच्या बापाला, टोपी दिली. म्हटलं, एक खेप उशिरा जाऊ दे. ते 'सर्वांसाठी' आणि 'कायम' कुठे दाबलं गेलं देव जाणे. रविवारी काकासाहेब स्वतः कॉम्प्युटर बघायला येणार आहेत आणि फिल्टरपुढे 'बनवणारा: ज्ञानेश्वर' असं स्पष्ट दिसतं. तिथे तेवढं तुझं नाव घाल. तुला व्याही मिळायला अजून बरीच वर्षं आहेत.

ता. क. दोन. नाव राहू दे. निकिताच्या मोबाईलवर नर्सरीचं लॉगिन अजून चालू आहे (लग्नाआधी ऑर्डरी तीच बघायची). फिल्टरचं नाव तिने पहिल्याच दिवशी वाचलं होतं आणि सासऱ्यांना एका शब्दाने बोलली नाही. आत्ता फोनवर एवढंच म्हणाली, "पप्पा, मला घरी यायचंय." उद्या रोपं घेऊन मीच टेम्पोत बसून कोल्हारला जातो आहे, डोक्यावर तीच टोपी घालून.