असोद्याचा फळा आणि माझी सोयरिक

असोदा, मंगळवार

तीर्थरूप नानांच्या चरणी पुतण्या हेमराजचा दंडवत. तुमचा गुडघा आता कसा आहे? देवपूरची हवा मानवली का? दिपमालाताईने चहातली साखर बंद केल्याचं कळलं, वाईट वाटलं. (ताईचं बरोबर आहे, पण तुमचंही वाईट वाटतंच.) इकडे बाग ठीक, आई ठीक. मी मात्र ठीक नाही.

नाना, तुम्ही लेकीकडे राहायला गेलात आणि चौकातला सुविचाराचा फळा माझ्या गळ्यात पडला. तुम्ही इतकी वर्षं लिहिलंत, लोक वाचायचे, मान डोलवायचे आणि शेतात जायचे. मला वाटलं, खडू आणि चार शहाणपणाचे शब्द, त्यात काय एवढं! पण तुम्ही लिहिलेलं सगळ्या गावासाठी असायचं, मी लिहिलेलं नेमकं कुणातरी एकासाठी असतं असा गावाचा पक्का समज झाला आहे. पहिल्याच दिवशी मी लिहिलं, ‘आयुष्य केळीसारखं असावं, घड दिला की मागच्या पिलाला जागा द्यावी.’ सुपडूआबा अजून सोसायटीच्या खुर्चीवर आहेत हे माझ्या ध्यानातही नव्हतं. (ते खुर्चीवर नाहीत असं मी कधी पाहिलेलंच नाही, त्यामुळे ते वेगळं ध्यानात येत नाही.) भर चौकात म्हणाले, “काय रे, मले मुळासकट उपटाले निघाला का तू?” मग मी देवाधर्माकडे वळलो. ‘श्रद्धा आतून यावी, भोंग्यातून नव्हे.’ तेव्हापासून भजनी मंडळाच्या भोंग्याचं तोंड आमच्या ओट्याकडे आहे.

इथवर सगळं सोसलं. पण कुंदाबाईंची मोहिनी तुम्हाला माहीत आहे. तिची माझी सोयरिक जवळजवळ जमली होती. बोलणी करायला आम्ही जेव्हा जेव्हा गेलो, तेव्हा कुंदाबाईंनी भरीत-पुरी केली. भरीत फक्कड होतं, मी दरवेळी मागून घेतलं. आणि शेवटच्या जेवणानंतर, पोट भरलेलं, मन प्रसन्न, सकाळी उठून फळ्यावर लिहिलं, ‘तेच ते करतो तो कारागीर, नवं घडवतो तो कलावंत.’ नाना, शपथेवर सांगतो, माझ्या डोक्यात भरीत नव्हतं, कला होती. दुपारी निरोप आला, “नवी जिनस खायाची असीन तं हाटेलात सोयरिक करा म्हना.” साखरपुडा थांबला. मोहिनी बोलते, पण हसू दाबत बोलते, आणि मला तर रडायला येतं. खरंच सांगतो, ती मला फार आवडते.

समजूत घालायला कोणी तयार नाही. सुपडूआबांना सांगावं तर ते माझ्यावर आधीच उखडलेले. म्हणून मी पुन्हा खडूच हातात घेतला. तुमचा आशीर्वाद असावा. मोठ्यांना नमस्कार, ताईच्या मुलांना गोड पापा.

तुमचा,
हेमराज

ता. क. : काल फळ्यावर लिहिलं, ‘चुकलेलं अक्षर पुसावं, लिहिणाऱ्याला पुसू नये.’ आणि खाली (रागावू नका) ‘नाना, देवपूर’ असं लिहिलं. कुंदाबाईंनी दोनदा वाचलं, पदर सावरून हात जोडले आणि म्हणाल्या, “नानाचं बोलनं म्हंजे सोनं.” मग जरा थांबून म्हणाल्या, “पन नाना असं कवा म्हनले?”

ता. क. दुसरा : रविवारी कुंदाबाई त्यांच्या भाचीकडे देवपूरला येत आहेत. तुम्हाला समक्ष विचारणार आहेत. फोनवर तुम्ही मला बोलूच देत नाही, म्हणून हे पत्र तिकडे निघालेल्या नवलभाऊच्या हाती पाठवतोय.

ता. क. तिसरा : तुम्ही जन्मात खोटं बोलला नाहीत आणि माझ्यासाठी बोलावं असंही मी म्हणणार नाही. फक्त रविवारच्या आत ते वाक्य एकदा मोठ्याने म्हणा. दिपमालाताईसमोर म्हणालात तर साक्षीदारही होईल. मग ते तुम्ही म्हणालातच की!