वजन ठेवा, दार उघडेल

४ जून
नोकरी लागली, आणि तीही गेम खेळण्याची! ज्या खेळापायी घरी इतकी बोलणी खाल्ली, त्याचाच आता पगार मिळणार. बाकीचे सगळे घरून काम करतात, ऑफिसात मी एकटाच. साहेबांनी व्हिडिओ कॉलवरूनच खोली दाखवली. जाड भिंती, आवाज ना आत येतो ना बाहेर जातो. मोठा पडदा, बिस्किटांचं कपाट, पलीकडे न्हाणीघर. फोन बाहेरच्या टेबलावर ठेवायचा. खेळताना मनात येईल ते मोठ्याने बोलत राहायचं, सगळं रेकॉर्ड होतं.

खेळ झकास आहे. बंद खोल्या, जमिनीवर एक लाल चौकोन. त्यावर वजन असेल तोवरच दार उघडं राहतं. पेटी शोधायची, चौकोनावर ठेवायची, निसटायचं. वरून एक बाई टोमणे मारत असते. मी तिचं नाव आत्याबाई ठेवलंय. आज म्हणाली, डोकं घरी विसरला असलास तरी हरकत नाही, आमचं काम वजनाशी आहे. हसून हसून पोट दुखलं.

९ जून
या शहरात माझ्याशी बोलणारं आत्याबाईशिवाय कुणी नाही. फार एकटं वाटतं. खेळता खेळता तिलाच सगळं सांगतो. ताई रविवारी फोन करते, पण कायम घाईत. आज चिडून बोलून गेलो, की ताप आलाय असं कळवलं तर ढब्बू, ढब्बू करत धावत येईल, मागचापुढचा विचार करणार नाही.

आत्याबाई पहिल्यांदाच गप्प बसली.

१३ जून
शेवटच्या खोलीत पेटीच नाही. स्वतः चौकोनावर उभं राहिलं की दार उघडतं, पण तिथवर पोचेतो बंद. साहेबांना कळवलं. अशी खोली आम्ही बनवलेलीच नाही, असं उत्तर आलं.

खोली ओळखीची वाटते. पडदा तसाच. बिस्किटांचं कपाटही.

१४ जून
दार उघडत नाही. साहेबांना निरोप जात नाही. कोपऱ्यातलं पायपुसणं उचललं — खाली लाल चौकोन.

उभा राहिलो, दार उघडलं. धावलो — बंद. टेबल सरकवून ठेवलं, खुर्ची ठेवली. काही नाही. आत्याबाई म्हणाली, जिवंत वजन लागतं. आणि ते तूच सुचवलंयस.

१५ जून, रविवार
ताईचा फोन. बाहेर वाजत होता, इथे स्पीकरवर ऐकू आला. उचलला — मीच. माझाच आवाज, इतके दिवस रेकॉर्ड झालेला. ताप आलाय म्हणाला, ऑफिसात ये म्हणाला. ताई म्हणाली, किती दिवसांनी नीट बोलतोयस रे.

निघाली.

कुठला वार —
ताई दाराबाहेर आहे. मी ओरडतो ते तिला ऐकू जात नाही. तिचं रडणं मात्र स्पीकरवर —

चौकोनावर पाय ठेवायचा नाही. दार उघडलं की ती आत धावेल. मग दोघांपैकी एकच बाहेर. आत्याबाई हसतेय.

नाही ठेवणार.

ढब्बू म्हणाली आत्ता.

किती दिवसांत माणसाचं तोंड पाहिलं नाही. नुसतं बघतो. ओरडून थांबवीन — कधी ऐकलंय तिने माझं? तरी — एकदाच —

एक पाय ठेवलाय. वही हातातच आहे. दार उघडतंय. ताई, थांब, आत