अकरावं वाक्य

३ जून
ज्यांना दिसत नाही त्यांना ‘लोक माझ्याकडे टक लावून बघतात – खरं की खोटं?’ हे कसं विचारायचं? मानसशास्त्राची पदवी मिळाली, पण याचं उत्तर मला येत नाही.
नोकरीआधीची मानसिक चाचणी घेणारे आमचे सर म्हणाले, “तू फक्त वाच आणि खुणा कर. डोकं चालवू नकोस.” वीस वाक्यं, दहा मिनिटं. सहाच्या वर गुण गेले की माणूस ‘संशयी’ – नोकरीला अपात्र!
आई शेजारणीला सांगत होती, “आमची पोर डोक्याची डॉक्टर झाली!”

४ जून
‘माझ्या वस्तू कुणीतरी हलवतं.’ आज सगळेच हो म्हणाले. हलवतातच! अंधांच्या वसतिगृहात झाडणारी मावशी रोज त्यांच्या काठ्या उचलून भलतीकडे ठेवते. सरांच्या लेखी प्रत्येकाला संशयाचा एक गुण.

५ जून
रेडिओताई आल्या. तोंडाचा पट्टा थांबत नाही म्हणून वसतिगृहात पडलेलं नाव. इस्पितळात टेलिफोनवर बसायची जागा आहे – चाळिशीत पहिली पक्की नोकरी. फक्त आमचा शेरा हवा.
सर आधीच कोपऱ्यात बसलेले. ओठांवर बोट – मला खूण! निरीक्षण असंच करतात म्हणे.
अकरावं वाक्य – ‘माझ्या नकळत कुणीतरी माझ्यावर नजर ठेवून असतं.’
ताई हसल्या. “हो लिही, पोरी.”
सरांनी कागदावर जोरात रेघ ओढली. मी पुढे वाचत राहिले. बारावं. तेरावं.
सात गुण. अपात्र.
शी! त्या कागदाची किळस आली, सरांची आली. सगळ्यात जास्त माझी.

६ जून
“सर, तुम्ही होतात ना खोलीत!”
“तिला कुठे माहीत होतं? माहीत नसताना हो म्हणाली, म्हणजे संशयच.”
आणि चहात बिस्कीट बुडवलं!

७ जून
डबा तसाच परत आणला. अहवालावर माझी सही हवी आहे – ‘चाचणी नियमाप्रमाणे झाली.’
आई म्हणते, “वरिष्ठांच्या तोंडी लागू नकोस. घरात तू पहिलीच शिकलेली.”
म्हणूनच तर!

८ जून
वसतिगृहात जाऊन ताईंना सगळं सांगितलं.
त्या म्हणाल्या, “तू समोर वाचत होतीस, आणि रेघ ओढल्याचा आवाज कोपऱ्यातून आला. तेव्हाच कळलं. म्हटलं, बघू पोरगी सांगते का. तीन दिवस लागले तुला.”
मला मान वर करवेना.
“आता मला सांगून काय उपयोग? मी थोडीच नोकरी देते?”

९ जून
सही केली. सहीच्या वर लिहिलं – ‘अकरावं उत्तर खरं आहे. सर कोपऱ्यात लपून बसले होते. मला माहीत होतं.’ लिफाफा इस्पितळात देऊन पोच घेतली. माझ्या टेबलाच्या खणाची किल्ली सरांच्या त्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर ठेवून आले.