थांबायला शिकवलेले बैल

बाबा, आज मुरबाडच्या बाजारात मेथीची जुडी उलटसुलट करून बघत होते, तर शेजारी उभा असलेला एक म्हातारा मला निरखून बघायला लागला. म्हणाला, "बाय, बैल थांबले ती पोर तूच ना गो?" तू जाऊन इतकी वर्षं झाली की तुझं वय मी केव्हाच मागे टाकलं. केस पांढरे झाले, अर्ध्या तालुक्याची पोरं माझ्या हाताखालून बाराखडी गिरवून गेली, आणि अजून माझी ओळख तीच! मी म्हटलं, "हो, तीच." त्याच्या तोंडात एकही दात नाही, पण तो असा हसला की भाजीवालीही हसायला लागली. मीही हसले, न हसून सांगते कोणाला? घरी आले, मेथी टोपलीत टाकली आणि निवडायचं सोडून बसून राहिले. कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. या वयात, बाबा! आधी मी 'तुम्ही' घालून लिहायला घेतलं होतं, मास्तरणीची सवय. दोन ओळींत पेन अडलं. तू आमच्या घरात 'तू'च होतास, तसाच राहा.

मोऱ्या आणि बांड्या म्हणजे तुझा जीव की प्राण. आई म्हणायची, "या घरात दूध आधी बैलांना, मग पोरांना, उरला तर माणसांना." त्या दोघांनी कधी नांगराचं जू मानेवर घेतलं नाही. नांगराला म्हातारी जोडी होती. ही जोडी फक्त शर्यतीची. वर्षातले चार-पाच दिवस धावायचं आणि बाकीचे दिवस गोठ्यात उभं राहून गव्हाचे गोळे खायचे. सकाळी उठून तू आधी त्यांच्या पाठीवरून हात फिरवायचास, मग तोंड धुवायचास. तुझा तो शर्यतीचा छकडा तर काय, दोन चाकं, मध्ये एक फळी, ना कठडा ना बसायला जागा. तोही तू गोणपाट टाकून झाकून ठेवायचास. पाहुण्यांची पोरं त्यावर चढली तर तुझा चेहरा असा व्हायचा की आई त्यांना खाऊ देऊन खाली उतरवायची.

मी सहावीपर्यंत शिकले ती शहापूरला आत्याकडे राहून. मग आत्याच्या घरच्यांनी बिऱ्हाड कल्याणला हलवलं आणि माझी सातवी लटकली. सातवीची फायनल झाली की मास्तरीण होता येतं, हे मी तुला इतक्या वेळा सांगितलं होतं की तुलाही ते पाठ झालं होतं. पण शाळा शहापूरला आणि आमचं गाव नदीच्या अलीकडे, सापगावच्या उताराला पाण्यातून पलीकडे जायचं, पुढे खडीचा रस्ता, मध्ये रान. एकटी पोर चालत कशी जाणार? म्हातारी जोडी भाताच्या मळणीला लागलेली, आणि ती अकराच्या शाळेला निघाली असती तर शाळा सुटायला पोचली असती. थोरले काका म्हणाले, "सहा बुकं झाली, बास झाला. आता तिला चूल शिकवा." दोन दिवस तू गोठ्यात नुसता जाऊन उभा राहायचास. तिसऱ्या दिवशी मोऱ्या-बांड्याच्या खुरांना पत्र्या मारून आणल्यास.

अख्खं गाव ओटीवर जमलं त्या संध्याकाळी, जसं काही कोणी गेलंय घरात. एक म्हणतो, शर्यतीचं जनावर रोजच्या रस्त्याला लावलं की त्याची धाव मरते. दुसरा म्हणतो, खडीनं खूर जातील. तिसरा म्हणतो, पोरीच्या जातीसाठी कोण असली जोडी नासवतो? तू विडी ओढत बसला होतास. शेवटी एवढंच म्हणालास, "उभी राहून तरी काय करतात? मला तरी रोज त्यांना हाकायला मिळेल." मला तेव्हा वाटलं, माझ्यासाठी नाही, स्वतःच्या हौसेसाठीच चाललाय. आता वाटतं, दोन्ही असेल. माणसाने हौस आणि माया वेगवेगळी कशाला ठेवायची?

अडचण एकच होती. त्या बैलांना थांबून राहणं माहीतच नव्हतं. दोन गड्यांनी वेसण धरायची, सोडली की सुटायचं, एवढंच त्यांचं शिक्षण. मी चढायला पाय टाकला की छकडा पुढे आणि मी धुळीत. मग तू युक्ती काढलीस. कनवटीला गूळ बांधलास. मी दप्तर काखेत धरून समोर उभं राहायचं, ते थांबले की माझ्या हाताने दोघांना गुळाचा खडा, आणि मग चढायचं. आठवडाभरात ते इतके शहाणे झाले की मला लांबून बघितलं की चाल कमी करायचे. काका बघत होते. म्हणाले, "येडा झालास का रे? धावायच्या बैलांना थांबायला शिकवतोस?" तू म्हणालास, "धावायला त्यांना कोणी शिकवला? ता येतोच. थांबायला शिकवायला लागतो." काका डोकं धरून घरात गेले.

आता माझं सांगते. शाळेत माझ्या वर्गात चारच मुली, बाकीच्या तिघी कचेरीतल्या कारकुनांच्या. त्यांची पोलकी इस्त्रीची. आणि मी येते ती फळीला दोन्ही हातांनी धरून, केसात, पापण्यांत धूळ, आणि तू पुढे उभा राहून ओरडतोयस, "बाजूला, बाजूला होवा!" कोंबड्या उडतात, बाया घागरी सावरतात. मुली खिडकीतून म्हणायच्या, "आली गो शर्यत आली!" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एक दिवस मी म्हटलं, "बाबा, इथंच थांब, पुढं मी चालत जाते." तू थांबवलास. मग रोजच. कधी चिंचेखाली, कधी ओढ्यावरच्या मोरीजवळ, जिथे ओळखीचं कोणी दिसणार नाही तिथे. परतताना पण मी अशीच कुठेतरी उभी असायचे. तू कारण विचारलं नाहीस, आणि मला वाटलं तुला कळलंच नाही. काय अक्कल ती माझी! पण त्याचा एक परिणाम झाला. रोज जागा वेगळी, म्हणून बैलांना जागा कधी पाठ झाली नाही. त्यांना मी पाठ झाले.

जत्रा जवळ आली तसा काकांनी पुन्हा विषय काढला. म्हणाले, "या वर्षी जोडी हरली तर समजायचं रस्त्यानं बैल मारले. मग पोरीची शाळा बंद. कबूल?" तू म्हणालास, "कबूल." सलग दोन वर्षं जत्रेतल्या शर्यतीचा मानाचा फेटा तूच आणला होतास, सलग तिसऱ्यांदा तो तालुक्यात कोणाला मिळाला नव्हता. फायनलला दोन-अडीच महिने राहिले होते. मी देवापुढे रोज दोनदा दिवा लावायचे, एकदा तुझ्यासाठी, एकदा माझ्यासाठी.

शर्यतीच्या रानात बायकांनी जायचं नसतं. मी जाणारही नव्हते. पण जत्रेची सुट्टी, त्या तिघी एकीच्या वडिलांच्या गाडीतून मुरबाडकडे जत्रेत बांगड्या भरायला निघालेल्या, वाटेत मलाही घेतलं. बांगड्या भरून झाल्या आणि पलीकडून रानातला आरडाओरडा ऐकू यायला लागला. पोरींना राहवेना. "चल ना, लांबून बघू." आम्ही बांधावर जाऊन उभ्या राहिलो. गर्दीत ढकलाढकली, मागून कोणीतरी रेटलं आणि मी सगळ्यांच्या पुढे, पिशवी काखेत धरून. तेवढ्यात छकडे सुटले.

तू पुढे आहेस. मला दिसतंय, तू पुढे आहेस. मोऱ्याची मान खाली, बांड्याचे कान मागे, दुसरी जोडी दोन-तीन हात मागे, धुळीचा लोट. लोक ओरडतायत, तुझं नाव घेतायत. आणि बांड्या मान वर करतो. मला बघतो. बाबा, मी बघितलं त्याने मला बघितलेलं. त्याने चाल तोडली, मोऱ्याने त्याच्याबरोबर तोडली, तू ओरडलास, कासरा झाडलास, कशाचा उपयोग नाही. दुसरी जोडी बाजूने निघून गेली. आपले बैल तिरके होऊन बांधाशी आले, माझ्यासमोर उभे राहिले, आणि बांड्याने जीभ काढून माझा रिकामा हात चाटला.

एकाने ओरडून सांगितलं, "आरं, बैल शाळेला निघाले!" मग काय, हसण्याचा पूर. लोक जमिनीवर बसून हसले. त्या तिघी माझ्यापासून दोन पावलं मागे सरल्या. तू छकड्यावरून खाली उतरलास. मी डोळे मिटले, म्हटलं आता पडते थोबाडीत. तू कनवटीतून गूळ काढलास आणि माझ्या हातावर ठेवलास. "दे गो त्यांना. त्यांची काय चूक नाय." मी दिला. मग म्हणालास, "बस, जाव घरा." आणि त्या सगळ्या माणसांमधून तू मला संथ चालीने घेऊन गेलास. मी तोंड गुडघ्यात घालून बसले होते. तू ताठ उभा होतास, पण मधूनच डोळे वर केले की तुझी मान मागून लाल झालेली मला दिसत होती.

बातमी आमच्या आधी पोचली होती, काका ओटीवरच उभे होते. "हरला ना? बोललो होतो का नाय?" तू बैल सोडत सोडत म्हणालास, "हरले कुठं? थांबले. रस्त्यानं मारले असते तर पुढं कसे होते, सांग?" काकांनी चपला पायात सरकवल्या आणि ओटीवरून उतरून गेले. आई चुलीपाशी पदर तोंडाला लावून हसत होती का रडत होती, मला आजवर कळलं नाही. शाळा उघडली त्या सकाळी छकडा दारात उभा होता. पण तू पुन्हा त्यांना शर्यतीत नेलं नाहीस. न्यायचं कसं? बांधावर परकरातली पोर दिसली की ते कान टवकारायचे. लोक तुला 'थांब्या' म्हणायला लागले. फेटा दुसऱ्याच्या डोक्यावर गेला. जत्रेच्या दिवशी तू घरात बसून सुंभ वळायचास, आणि त्या दिवशी तुझ्याशी कोणी बोलायचं नाही, असा आमच्या घरात न सांगता नियम झाला होता. मी फायनल पास झाले, मास्तरीण झाले, आणि पहिल्या पगाराचा फेटा तुला आणला. तू हातात घेऊन बघितलास, म्हणालास, "रंग बेस हाय," आणि पेटीत ठेवलास. तो तू कधी बांधला नाहीस. विकत आणलेला फेटा शर्यतवाला कसा बांधेल, एवढं मला कळायला पाहिजे होतं.

हे पत्र कुठे टाकणार आहे मी? ज्याला पोचवायचं तोच नाही. लाजेचं सगळं लिहून झालं, एक राहिलं. तुला वाटलं असेल त्या बांधावर मी लाजेने अर्धमेली झाले. झाले, पण नंतर. बांड्याने मान वर केली आणि चाल तोडली, तेव्हा तू हरत होतास, माझी शाळा जात होती, हे मला दिसत होतं. आणि तरी माझ्या पोटात नुसता आनंद, बाबा. एवढं रान, एवढी माणसं, आणि ते सगळं सोडून माझ्याकडे येतायत. तसं कोणी माझ्याकडे नंतर कधी आलं नाही. तू हरलास, आणि मला ते आवडलं.