ओल्माखरांचे घर, देवस्थळींना नोटीस

दिनांक : १२ जून २००६

प्रति,
मा. नगराध्यक्ष,
राटहाउस (नगरपालिका), ओबरलिंडाख,
श्टुटगार्टजवळ.

विषय : स्मारकासाठी राहते घर रिकामे करण्यास सक्त हरकत.
संदर्भ : आपली दि. २९ मे २००६ ची क्युंडिगुंग (घर सोडण्याची नोटीस).

महोदय,

मी सुधीर गोविंद देवस्थळी, जिल्हा परिषदेचा निवृत्त कार्यालय अधीक्षक. मुलगा सत्यजित गेर्लिंगेनला इंजिनिअर आहे. त्याच्याकडे, आपल्या नगरपालिकेच्या भाड्याच्या घरात राहतो. मला जर्मन येत नाही. नात इरा भाषांतर करीत आहे. तिने कुठे मऊ शब्द घातले असल्यास मूळ मराठीच ग्राह्य धरावे.

१. आपण कळवता की, १८५४ साली या घरातून ओल्माखर कुटुंब अमेरिकेत आयोवाला शेती करण्यास "धाडसाने" गेले, सबब येथे त्यांचे स्मारक होणार आणि आम्ही सप्टेंबरअखेर निघावे. सूनबाई कौमुदी हिला सातवा महिना आहे. तान्हे मूल घेऊन कुठे जायचे, याबद्दल नोटिशीत अक्षर नाही.

२. या ओल्माखरांचे वंशज दर उन्हाळ्यात न विचारता आत शिरतात. एका बाईंनी स्वयंपाकघराच्या भिंतीला मिठी मारून हंबरडा फोडला. इकडे फोडणी करपली. एकाने पूर्वजांची माती म्हणून आमचा कोथिंबिरीचा वाफाच पिशवीत भरून नेला. केहरवोखची, म्हणजे आपल्याकडच्या भाडेकरूंच्या साप्ताहिक झाडलोटीची, पाळी म्हणून मी फुटपाथ झाडत होतो, तर मला रखवालदार समजून माझे फोटो काढले. पाहुणे म्हणून आम्ही सगळे सोसले. त्याचे बक्षीस आपण छान दिलेत!

३. आता मुद्द्याचे. त्याच घराण्यातले वॉल्टर आजोबा, आयोवात मक्याची शेती करणारे, गेल्या रविवारी आमच्याकडे पोहे खायला बसले होते. त्यांनी सांगितले ते असे. तेव्हा बटाट्याचे पीक शेतातच कुजले, घरात खायला नव्हते. मग पोसावे लागू नये म्हणून याच गावाच्या पंचांनी कुटुंबाला बोटीचे तिकीट काढून दिले आणि परत येणार नाही असे लिहून घेतले. वाटेत धाकटी मुलगी गेली, तिला समुद्रात सोडले. तिकडचा पहिला हिवाळा त्यांनी जमिनीत खड्डा खणून त्यात काढला. सांगताना म्हातारा रडला, आणि लाज कसली, मीही रडलो. धाडस कसले डोंबलाचे! हाकलले होते तुम्ही त्यांना.

स्मारकाबद्दल त्यांना कुणी विचारलेलेही नाही.

४. सबब नोटीस तात्काळ रद्द करावी. ते जमत नसल्यास स्मारकाच्या पाटीवर पुढील मजकूर घालावा, इरा जर्मनमध्ये नीट लिहून देईल :

"गावाने या घरातून बाहेर काढलेली कुटुंबे :
ओल्माखर, १८५४.
देवस्थळी, २००६."

आपला, अद्याप तरी नम्र,
सु. गो. देवस्थळी

सोबत : जर्मन भाषांतर, नोटिशीची प्रत.